मधला दगड

(खाणीच्या तोंडाशी असलेली पत्र्याची खोली. सकाळ. टेबलावर खाणीचा नकाशा उलगडलेला आहे आणि तो गुंडाळला जाऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आहेत.)

मोजणीवाली : पण काका, सोन्याची शीर तर इथून सरळ जाते. मग हा बोगदा मध्येच डावीकडे का वळला?

खाणवाला : कुठला?

मोजणीवाली : हा. मी बोट ठेवलंय तो.

खाणवाला : हां, तो. तिथे शिरेला फाटा फुटला होता.

मोजणीवाली : मला नाही दिसला. काल दोन तास दिवा घेऊन भिंत बघत होते. चौदा मीटर नुसता रिकामा दगड आहे. सोनं नाही, चांदी नाही, गारगोटीची रेघसुद्धा नाही.

खाणवाला : पुढे असेल.

मोजणीवाली : चौदा मीटर गेलात तरी अजून पुढेच?

खाणवाला : सोनं काय दारात येऊन बसतं? माझ्या वडिलांनी दीड वर्ष रिकामा दगड फोडला, तेव्हा कुठे ही शीर लागली. लोक त्यांना वेडा म्हणायचे.

मोजणीवाली : शीर लागेपर्यंत रिकामा दगड फोडणं मला कळतं. शीर हातात असताना तिच्याकडे पाठ करून फोडणं कळत नाही. आणि बाकी सगळ्या बोगद्यांत सुरुंगाची भोकं दिसतात, इथे एक नाही. सगळा छिन्नीने खणलाय. तोही एकाच माणसाने, कारण दोघं उभे राहतील एवढी रुंदीच नाही. तुमच्या कामगारांना विचारलं, तर म्हणाले, तिकडे मालक जातात, आम्ही जात नाही.

खाणवाला : तू मोजणी करायला आलीस का माझी चौकशी करायला?

मोजणीवाली : मोजणीच करतेय. माझ्या नकाशावर प्रत्येक बोगद्यापुढे तो कशासाठी खणला ते लिहावं लागतं. ‘मालकांची मर्जी’ असं लिहायला तिथे जागा नाही.

बायको : घ्या, चहा घ्या. कशाला जागा नाही म्हणालीस?

खाणवाला : काही नाही. तू जा, दगड निवडायचे पडलेत तिकडे.

बायको : दगड कुठे पळून जात नाहीत. सकाळपासून दोन पाट्या निवडून झाल्या माझ्या. तू विचार गं त्यांना, नीट विचार. मी चार वर्षं विचारतेय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस टोपीला दिवा लावून खाली जातो. पहिलं वर्षभर मला वाटायचं, खाली जाऊन पितात. मी वास घ्यायचे.

खाणवाला : सगळ्या जगाला सांग.

बायको : वास दगडाच्या धुळीचाच यायचा. म्हणून तर जास्त काळजी वाटायला लागली. पिणाऱ्या माणसाचं निदान कारण तरी कळतं.

मोजणीवाली : काकू, बसा तुम्हीही. मला दोघांना एकत्रच सांगायचंय. तुमच्या खाणीला एकच तोंड आहे. नव्या नियमाप्रमाणे दोन लागतात. एक बंद झालं, तर माणसांना दुसरीकडून बाहेर पडता आलं पाहिजे. कागद तुम्हाला मागच्या वर्षीच आला होता.

खाणवाला : आला होता.

बायको : मला दाखवला नाहीत.

खाणवाला : दाखवून काय करणार होतीस? दुसरं तोंड पाडणार होतीस?

मोजणीवाली : या महिन्याच्या शेवटी मुदत संपते. तोपर्यंत दुसरी वाट कुठून काढणार, ते मला लिहून द्यावं लागेल आणि काम सुरू झालेलं दाखवावं लागेल. नाहीतर तुमची खाण बंद होईल. मला आवडेल म्हणून नाही सांगत.

बायको : आमची अकरा माणसं आहेत गं. त्यातले चौघं सासऱ्यांच्या वेळेपासूनचे.

मोजणीवाली : माहीत आहे काकू. म्हणूनच कालपासून नकाशा घेऊन बसलेय. सरळ वर काढायची म्हटलं तर अडतीस मीटर उभी विहीर खणावी लागेल. वरचा दगड फुटका आहे, पाणी येईल. वर्ष कमी पडेल.

खाणवाला : मग सांग ना, बंद करा म्हणून. एवढे आढेवेढे कशाला घेतेस?

मोजणीवाली : कारण दुसरी वाट आहे. ह्या चौदा मीटरच्या बोगद्याच्या टोकाला. तिथून पुढे फक्त साडेतीन मीटर दगड उरलाय.

बायको : आणि त्याच्या पलीकडे काय आहे?

मोजणीवाली : काका, तुम्ही सांगता का?

खाणवाला : चहा गार झाला माझा.

बायको : अहो, पलीकडे काय आहे?

मोजणीवाली : पलीकडे तुमच्या दिरांची खाण आहे, काकू.

बायको : भाऊजींची?

मोजणीवाली : हो. डोंगराच्या पलीकडून त्यांनी जो बोगदा काढलाय, त्याचं टोक.

बायको : म्हणजे चार वर्षं तुम्ही भाऊजींकडे खणत होतात?

खाणवाला : मी कुणाकडे खणत नव्हतो.

बायको : मग?

खाणवाला : एकदा पंप बिघडला होता. माणसांना वर पाठवलं आणि मी एकटाच खाली बसलो होतो, मिस्त्री येईपर्यंत. पंपाचा आवाज नसला की खाली काय शांतता असते, तुला कल्पना नाही. भिंतीला डोकं टेकलं आणि ऐकू आलं. टक टक. मग थोडं थांबून एक जोरात.

मोजणीवाली : कुणाचंही असू शकतं की ते. त्यांच्याकडेही कामगार आहेत.

खाणवाला : कुणाचंही नाही. घण मारताना तो दोन घाव हलके घालतो, मग दम घेतो आणि तिसरा हाणतो. लहान असल्यापासून. मी किती ओरडलो असेन त्याला, अरे, एकसारखा मार, हात भरून येतील. कधी ऐकलं नाही त्याने.

बायको : आणि म्हणून तुम्ही भिंत फोडायला घेतलीत.

खाणवाला : फोडायला नाही. आवाज बारीक येत होता. जरा जवळ गेलं तर नीट ऐकू येईल, एवढंच मनात आलं. हातभर खणलं, तर खरंच नीट यायला लागला. मग आणखी हातभर.

बायको : हातभर हातभर करत चौदा मीटर.

खाणवाला : मला पलीकडे जायचं नव्हतं गं. नुसतं जवळ जायचं होतं.

मोजणीवाली : हे मी नकाशावर लिहिणार नाही. काळजी करू नका.

खाणवाला : काही लिही. आता काय फरक पडतो? त्याने काम सोडलंय.

बायको : कुणी सांगितलं?

खाणवाला : सांगायला कशाला पाहिजे? सहा आठवडे झाले, आवाज नाही. पहिल्या दिवशी म्हटलं, बाहेरगावी गेला असेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आजारी असेल. मग सारखा तिथे जाऊन बसायला लागलो. छिन्नीसुद्धा लावली नाही दगडाला, न जाणो माझ्याच आवाजात त्याचा आवाज जायचा. काही नाही. एकदम मुकं झालं सगळं.

बायको : तरीच. तरीच जेवणावरचं लक्ष उडालं होतं. एका शब्दाने विचारायचं होतं मला. मी बाजारात जाऊबाईंना भेटते अधूनमधून.

खाणवाला : तू भेटतेस?

बायको : भांडण तुमचं झालं होतं, आमचं नाही.

मोजणीवाली : काकांनी काम सोडलेलं नाही, म्हणजे धाकट्या काकांनी. त्यांची मोजणीही माझ्याकडेच आहे. तीन आठवड्यांपूर्वी जाऊन आले. तुम्हाला दाखवायला हरकत नाही, उलट दोन खाणी वीस मीटरच्या आत आल्या की दोघांना दाखवणं मला भागच आहे. हा त्यांचा नकाशा. तुमच्या नकाशावर असा ठेवते. आता खिडकीच्या उजेडात बघा.

खाणवाला : ह्याच्यातला त्याचा कुठला?

मोजणीवाली : लाल. शिरेबरोबर इथपर्यंत येतात, नीट, सरळ. आणि इथून शीर सोडली. त्यांनीही. इथून पुढे बावीस मीटर रिकामा दगड. मी विचारलं, का? तर म्हणाले, इकडे वारा चांगला लागतो.

बायको : जमिनीखाली?

मोजणीवाली : मीही तेच म्हटलं. दोघं भाऊ थापा मारण्यात सारखेच कच्चे आहेत. पण काका, मला खरंच कळलं नाही ते हे की बोगदा असा वाकडा का? बघा, आधी डावीकडे जातो, मग उजवीकडे, मग खाली, परत डावीकडे. एवढा जुना माणूस, दोरी न लावता सरळ खणेल. आणि इथे मात्र अंधारात चाचपडल्यासारखा.

बायको : असं का झालं असेल हो?

मोजणीवाली : काका?

बायको : अहो, काय झालं? पाणी देऊ का?

खाणवाला : त्याला एकच कान आहे.

मोजणीवाली : म्हणजे?

खाणवाला : डाव्याने ऐकू येत नाही त्याला. आवाज कुठून येतो ते कळायला दोन कान लागतात पोरी. एका कानाला नुसतं कळतं की येतोय. मग माणूस इकडे वळून बघतो, तिकडे वळून बघतो. हे वळण म्हणजे त्याला वाटलं मी इकडे आहे. हे वळण म्हणजे वाटलं, नाही, इकडे आहे. तो माझा घण ऐकत येत होता.

बायको : बावीस मीटर.

खाणवाला : मी चौदा आलो, तो बावीस आला. तेही एका कानावर.

मोजणीवाली : कान कशाने गेला त्यांचा?

बायको : सुरुंगाने. अकरा वर्षं झाली. त्यावरूनच तर सगळं झालं.

मोजणीवाली : नको सांगायचं असेल तर राहू द्या.

बायको : त्यात लपवायचं काय? दहा भोकं भरली होती. दहा वाती पेटवल्या आणि दोघं भाऊ बाहेर येऊन उभे राहिले. बाहेरून आवाज मोजायचे असतात, तुला माहीतच आहे. दहा पेटवले तर दहा वाजले पाहिजेत. एक जरी कमी भरला, तर त्या दिवशी आत पाऊल टाकायचं नाही. भाऊजी म्हणाले, नऊ वाजले. हे म्हणाले, दहा, त्यातले दोन एकदम वाजले. मोठ्या भावाचा शब्द, म्हणून भाऊजी आत गेले, आणि कुठलातरी जुना, आधीच्या दिवशीचा राहिलेला सुरुंग उडाला. नशीब, जीव वाचला. पण भाऊजींनी तेच धरून ठेवलं, नऊ वाजले होते, दादाने मला खोटं सांगून पाठवलं. असं कोण बोलतं सख्ख्या भावाला? मी त्यांना ह्याच खोलीत खोटारडा म्हटलं. मग वाटण्या झाल्या.

खाणवाला : नऊच वाजले होते.

बायको : काय?

खाणवाला : नऊ. मीही नऊच मोजले होते.

बायको : तुम्ही तर दहा म्हणालात.

खाणवाला : आदल्या दिवशी शीर रुंद झाली होती. बोटभर होती ती पंजाभर झाली होती. आत काय निघालंय ते बघायची घाई झाली होती मला. म्हटलं, दहाव्याची वात ओली असेल, विझली असेल. नवीन दगड बघायला आधी तोच जायचा, त्याची नजर चांगली. तो म्हणाला, दादा, नऊ झाले. मी म्हटलं, दहा झाले, जा.

बायको : आणि ते गेले.

खाणवाला : गेला. मी जा म्हटलं की तो जायचा.

बायको : अकरा वर्षं मी लोकांना दहा सांगत आले. माझ्या जाऊबाईंना दहा सांगितले. देवाशपथ सांगितले.

खाणवाला : सांगणार होतो. दवाखान्यातच सांगणार होतो. पण तिथे सगळे होते. मग घरी आल्यावर तो बोलेना. मग तू त्याला खोटारडा म्हणालीस आणि मी गप्प बसलो. एकदा गप्प बसलो की मग कुठल्या दिवशी तोंड उघडायचं? रोज वाटायचं, आज उशीर झाला.

बायको : मला काही सुचत नाही बोलायला.

खाणवाला : नको बोलूस.

बायको : बोलणार आहे. घरी गेल्यावर बोलणार आहे. आता ही पोरगी बसलीय म्हणून.

मोजणीवाली : मी बाहेर थांबू का?

बायको : बस गं. निदान तुझ्यामुळे तोंडातून निघालं तरी.

खाणवाला : एक सांग. तीन आठवड्यांपूर्वी तू गेलीस, तेव्हा तो बरा होता?

मोजणीवाली : बरे होते. थोडे वाळलेत. ह्या वाकड्या बोगद्याच्या तोंडापासून जरा आत एका पेटीवर बसले होते. घण भिंतीला उभा करून ठेवला होता. मी विचारलं, काम बंद का? तर म्हणाले, आता मी थांबायचं असतं. समोरासमोर खणत आलं की दोन्हीकडून घाव घालायचे नाहीत, मधला दगड कुणाच्याही अंगावर येतो. दगड पातळ झाला असं वाटलं की एकाने हत्यार खाली ठेवायचं आणि लांब जाऊन बसायचं. आमच्यात धाकट्याने थांबायचं, असं ठरलेलं आहे.

खाणवाला : असं म्हणाला?

मोजणीवाली : अगदी असंच.

खाणवाला : आमच्यात, म्हणाला?

मोजणीवाली : हो. मी विचारलं, कुणी ठरवलं? तर टोपी काढून दिव्याची काच पुसायला लागले. कितीतरी वेळ पुसत होते.

खाणवाला : मी ठरवलं होतं. हवेचा बोगदा खणताना. तो तेव्हा एवढासा होता. मी वरून येत होतो, तो खालून. त्याला बजावलं होतं, माझा घाव छातीत वाजायला लागला की तू घण ठेवायचा आणि मागे पळायचं. म्हणजे हा थांबला, तो माझ्यासाठी थांबला. आणि मला वाटलं सोडून गेला. म्हणून मीही थांबलो.

बायको : सहा आठवडे दोघंही साडेतीन मीटरच्या दोन बाजूंना गप्प बसून आहात?

मोजणीवाली : असं दिसतंय खरं.

बायको : अगं बाई. जाऊबाई मला परवाच म्हणाल्या, हे रोज खाली जातात, हाताला धूळसुद्धा लागलेली नसते, काय करतात देव जाणे. मी म्हटलं, आमच्याकडेही तीच तऱ्हा, वय झालं दोघांचं. दोघी हसलो आम्ही.

मोजणीवाली : काका, मग दुसरी वाट म्हणून हीच लिहू? तुमचं दुसरं तोंड त्यांच्याकडे, त्यांचं तुमच्याकडे. त्यांनाही तोच नियम आहे, त्यांचीही मुदत संपत आलीय. त्यांची हरकत नाही, मी विचारून ठेवलंय.

खाणवाला : काय म्हणाला?

मोजणीवाली : म्हणाले, दादाला विचारा.

बायको : ऐकलंत? आता उठा आणि भाऊजींच्या घरी जा. डोंगराला वळसा घालून रस्ता जातो, अर्ध्या तासाचं काम. अकरा वर्षं तो रस्ता तिथेच आहे.

खाणवाला : रस्त्याने नाही.

बायको : का नाही?

खाणवाला : दारात जाऊन उभा राहिलो तर काय बोलू? त्याची बायको बाहेर येईल, पोरं बाहेर येतील, कोण आलंय म्हणून. खुर्ची देतील. पाहुणा म्हणून बसवतील मला. मला त्याच्या घरी पाहुणा म्हणून नाही बसायचं.

बायको : मग कसं जायचंय?

खाणवाला : खालून. खाली गेलो की कामावर आल्यासारखं होईल. तो असेल, मी असेन, दगड असेल. कुठून सुरुवात करायची ते शोधावं लागणार नाही.

बायको : आणि ते नऊचं?

खाणवाला : तेच आधी सांगणार. तुझ्या जाऊबाईंना तू सांगू नकोस. त्याला माझ्या तोंडून पहिल्यांदा कळायला हवं.

बायको : भाऊजींना ते अकरा वर्षांपूर्वीच कळलंय हो. त्यांना फक्त तुमच्याकडून ऐकायचंय.

मोजणीवाली : सुरुंग लावाल? दोन भोकांत काम होईल. परवानगी मी आणून देते.

खाणवाला : सुरुंग नाही लावणार. तो तिथे बसलाय.

मोजणीवाली : छिन्नीने साडेतीन मीटर? महिना जाईल.

खाणवाला : तुझी मुदत काम सुरू करायची आहे ना, संपवायची नाही?

मोजणीवाली : सुरू करायची.

खाणवाला : मग उद्या सकाळी सुरू करतो. दिशा एवढी नीट आखून दे. चुकून बाजूने निघून जायला नको. आणि किती खाली-वर आहे तेही.

मोजणीवाली : त्यांच्या बोगद्याची जमीन तुमच्यापेक्षा कमरेएवढी खाली आहे. मी भिंतीवर चुन्याने खूण करून देते, त्या खुणेवर चालत राहा. पण आधी हा फॉर्म. काम सुरू करण्याआधी पलीकडच्याला लेखी कळवावं लागतं, तसा नियमच आहे. नाव, तारीख, जागा मी भरलीय. इथे मजकूर लागतो, तुमच्या शब्दांत, आणि खाली सही. मी आज दुपारीच त्यांच्या हातात देईन.

खाणवाला : लोक काय लिहितात इथे?

मोजणीवाली : ‘सदर बोगद्याचे काम अमुक तारखेपासून पुन्हा सुरू होत असून पलीकडील व्यक्तींनी सुरक्षित अंतरावर राहावे.’ असंच काहीतरी. लिहू?

बायको : असलं काही लिहू नकोस गं. वाचून भाऊजी वकील गाठतील.

मोजणीवाली : मग तुम्ही सांगा काका. लांबलचक नको, ओळी दोनच आहेत.

खाणवाला : दोन पुरतील. लिही. सुरुंग लावत नाही, हाताने फोडतोय, वेळ लागेल.

मोजणीवाली : …वेळ लागेल. पुढे?

खाणवाला : तू मागे सरून बस. मी येतोय.